रोस्टच्या जोडीला

"रोस्ट मी आणते. बाकीचं तुम्ही बघा," असं आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला येणाऱ्या मुलाच्या आईने फोनवर सांगितलं आणि आमच्या घरातली शांतता तीन आठवड्यांच्या रजेवर गेली.

मुलगा म्हणजे माझ्या मुलीने पसंत केलेला मुलगा. अंधेरीच्या एका गावठाणातलं कॅथलिक घर, वडील नाहीत, आई आणि तो. आम्ही मूळ मालवणकडचे, आता बोरीवलीत राहणारे. मासे-मटण रोजचं, पण डुकराचं मांस आमच्या घरात कधी शिजलं नव्हतं. मुलगा मला पहिल्या भेटीतच आवडला होता. माझ्या आवडीला घरात फारशी किंमत नाही, ते सोडा. मुलगी चार वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हा माझी थोरली बहीण, आमची आक्का, मुलुंडच्या स्वतःच्या घराला कुलूप लावून आमच्याकडे आली, ती आजतागायत. मुलीने मला स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा, आत्या मनापासून हो म्हणाली तरच लग्न. नाहीतर नाही." आणि आक्का गेले सहा महिने एकच शब्द म्हणत होती, "बघूया." ते बघूया ऐकून ऐकून माझं डोकं उठलं होतं.

तर डुकराचा रोस्ट येणार हे आक्काला सांगायचं काम माझ्याकडे आलं. ती कोथिंबीर निवडत होती. मी दारापाशी उभा राहून सांगितलं, म्हणजे पळायला बरं. तिने मान वर केली आणि विचारलं, "ता ओला काय सुका?"

मी गार. पण प्रश्न रास्त होता. आमच्याकडे सगळं जेवण या एका प्रश्नावर उभं असतं. ओलं असेल तर भात, सुकं असेल तर वडे. हे ठरल्याशिवाय आक्का खोबरंसुद्धा खवायला घेत नाही. मी मुलीला विचारलं, मुलीने मुलाला, मुलाने आईला. उत्तर आलं की मांस सुकं असतं आणि रस्सा वेगळ्या भांड्यात असतो.

"म्हणजे धड ह्या ना धड त्या," आक्का म्हणाली. पण तिच्या डोळ्यांत मला एक चमक दिसली. वर तिने मलाच दम भरला, "कोणी हातान रांधून आणल्यान, तर त्येका साजेसा कायतरी व्हया. नायतर लोक हसतले."

त्यांच्याकडे रोस्टबरोबर काय असतं, याचीही चौकशी झाली. उकडलेले बटाटे, सॅलड, पाव आणि सफरचंदाची गोड चटणी. सफरचंद ऐकून आक्काने कपाळावर हात मारला. "सफरचंद आजारी माणसाक देतत!" मग तिनेच तोड काढली. गोड-आंबटच हवं ना, तर अननसाचं सासव करू, मोहरी वाटून, गूळ घालून. मला हे एकदम पटलं. पटलं तरी मी कुरकुर केली, कारण पहिल्या फटक्यात हो म्हटलं की आक्का डोक्यावर बसते.

पुढचा तंटा ताटाचा. ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी. मध्ये भात. ही राज्यघटना आक्काच्या लेखी कोणीही बदलू शकत नाही. मग रोस्ट कुठे? मी म्हटलं, मध्ये, तोच तर मुख्य. आक्का म्हणाली, मध्ये वडे. मुलगी म्हणाली, "अगं आत्या, प्लेटमध्ये कुठेही वाढ ना, चिल!" त्यावर आम्ही भावंडांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेली.

मी आयुष्यभर साकीनाक्याला फिटरचं काम केलं. ट्रायल घेतल्याशिवाय मशीन गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायचं नाही, हा माझा धर्म. म्हणून मी आदल्या रविवारी ट्रायल ठेवली. डुक्कर नव्हतं, तेव्हा त्याच्या जागी सुरण. दीड किलोचा अख्खा ठोकळा मी आमसुलाच्या पाण्यात उकडला, मसाला चोळून कढईत चारी बाजूंनी लाल केला आणि ताटलीत ठेवला. खरं सांगतो, लांबून झकास दिसत होता. आक्काने त्याच्याभोवती एकेक पदार्थ मांडला आणि आम्ही तिघं त्या सुरणासमोर पाहुण्यासारखे बसलो. मुलीला हसू आवरेना. तिला उचकी लागली, मग मला लागली. आक्का मात्र गंभीरपणे सुरणाचा तुकडा सासवात बुडवून खात होती आणि मोहरी कमी झाली म्हणत होती.

माझा एकच पदार्थ त्या ट्रायलमध्ये होता. दूध आणि लोणी घालून घोटलेला बटाटा. तो मी मोबाइलवर चार वेळा पाहून शिकलो होतो. आक्काने चमचाभर चाखला. "दात पडलेल्या माणसाचा जेवण," असा निकाल देऊन तिने त्यावर मोहरी, मिरची, कढीपत्त्याची फोडणी ओतली, हळद टाकली, वर लिंबू पिळलं. झालं! बटाटेवड्याच्या आतला मसाला तयार. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. पण तो मसाला रात्रीच्या पोळीबरोबर मीच संपवला.

शेवटी यादी ठरली. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, कोबीची कोशिंबीर, सासव, फोडणीचा बटाटा, सोलकढी. पाव माझ्या हट्टाखातर. आक्काने कॅलेंडर दोनदा तपासलं. रविवार होता, संकष्टी नाही, एकादशी नाही. सगळं जुळलं होतं. "बघूया" तेवढं तसंच होतं.

त्या रविवारी मी कोथिंबीर घेऊन परत आलो, तर आक्काने डायनिंग टेबलाच्या काचेवर रांगोळी काढली होती. प्रत्येक ताटाभोवती महिरप. टीव्हीशेजारी समई पेटवलेली, उदबत्ती लावलेली. प्रत्येक ताटात उजव्या अंगाला रोस्टसाठी मोकळी जागा. मी म्हटलं, "आक्का, पंख्याने सगळी रांगोळी कोशिंबिरीत जाईल." ती म्हणाली, "मगे पंखो बंद कर." आम्ही पंखा बंद केला आणि घाम पुसत वाट बघत बसलो.

बाराच्या सुमाराला मुलगा आणि त्याची आई आले. बाई साध्या, हसऱ्या, थोड्या घाबरलेल्या. त्यांनी आक्काच्या हातात केकचा डबा दिला. मी त्यांच्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं. रिकामा. मुलाच्या हाताकडे पाहिलं. रिकामा. मुलीने मला डोळ्यांनी विचारलं, मी खांदे उडवले.

आता पाहुण्याला कसं विचारणार की तुमचं डुक्कर कुठे आहे? वडे टम्म फुगून ताटात पडत होते. सांबारं आलं, सासव आलं, सोलकढी आली. बाई प्रत्येक पदार्थ नावाजत होत्या आणि ताटातली ती मोकळी जागा आम्हा सगळ्यांकडे बघत होती. मी न राहवून म्हटलं, "येताना सामान वगैरे फार नव्हतं ना?" मुलीने टेबलाखालून लाथ मारली. ती मुलाला बसली. तो दचकला आणि दाराकडे बघू लागला. आता मला हसू येत होतं, पण लेकीचा चेहरा उतरत चालला होता. त्यांनी ऐन वेळी विचार बदलला, हेच तिच्या मनात आलं असणार, कारण माझ्याही तेच आलं होतं.

आक्का झारा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने एकदा सगळ्या ताटांवरून नजर फिरवली आणि तोंड उघडलं.

"विहीणबाई, रोस्ट खंय आसा?"

बाई लाजून लाल झाल्या. "आणलाय हो. पण दारातूनच ही रांगोळी बघितली, दिवा बघितला. वाटलं, आज देवाचं काहीतरी आहे. म्हणून पिशवी बाहेरच ठेवली, चपलांपाशी."

"चपलांपाशी!" आक्का ओरडली. "अन्न चपलांपाशी ठेवतत? आणि ही रांगोळी देवाची नाय, तुमची आसा!"

मुलगा धावत जाऊन पिशवी घेऊन आला. टॉवेलात गुंडाळलेला डबा उघडला, तसा लवंग-दालचिनीचा वास खोलीभर झाला. आक्काने झारा ठेवला, मांसावर अंगठा दाबून पाहिला आणि जाहीर केलं, "सुकोच आसा." बाईंनी स्वतःच्या हाताने पहिला काप तिच्या ताटात वाढला. तिने तो सासवाबरोबर खाल्ला. सावकाश. मग दुसरा मागितला.

मुलीचा घास हातातच राहिला होता. तिचा आवाज चिरकला, "आत्या, तू आत्ता काय म्हणालीस?"

"सुको आसा म्हटलंय."

"नाही गं. त्याच्या आधी. यांना काय म्हणालीस?"

"विहीण म्हटलंय. मगे आणि काय म्हणूचा?" आक्काने वड्याचा तुकडा रश्श्यात बुडवला. "लग्नाक ह्योच रोस्ट घेवन येवा, विहीणबाई. वडे माजे."

मुलगी उष्ट्या हातांनी तशीच उठून तिच्या गळ्यात पडली. आक्का नवी साडी खराब झाली म्हणून ओरडत होती, पण पोरीला सोडत नव्हती. मला रडू आलं. मी कोणालाही न विचारता पंखा सुरू केला.