हौसाक्काला सगळ्यांचंच पाठ असे

एस.टी.तून उतरली, की हौसाक्का आधी पाणी मागायची नाही, की आपली सोय कुठे केलीय हेही विचारायची नाही. न्यायला आलेल्या नाटक कमिटीच्या पोरांवरून एकदा नजर फिरवायची आणि म्हणायची, "तुमच्यात इसरनारा कोन हाय रं?" पोरं एकमेकांकडे बघून हसू लागत. ज्याच्याकडे जास्त माना वळत, त्याच्या दंडाला धरून ती सांगे, "तू आज माझ्याजवळ बसायचं. जेवाय बी माझ्याच शेजारी."

कवठे महांकाळपासून चार मैलांवरच्या एका गावात मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवत होते. माझं माहेर साताऱ्याचं. त्या भागात गावच्या जत्रेला नाटक म्हणजे मानाची गोष्ट. पुरुषांची कामं गावातलेच गडी करत, दोन-दोन महिने घोकंपट्टी करत. बायकांच्या कामांना मात्र गावातली बाई मिळणं शक्यच नव्हतं. मग सांगली-मिरजेहून नटी आणायची. ती सकाळी यायची, दुपारी एक तालीम करायची आणि संध्याकाळी तोंडाला रंग लावून उभी राहायची. हौसाक्का मिरजेची. अशी पंचवीस-तीस नाटकं तिला मुखोद्गत होती. नुसती आपली कामं नव्हे, अख्खी नाटकं.

नाटक सगळ्यांना हवं होतं. नटी मात्र कुणालाच घरात नको होती. सरपंच माझ्याकडे येऊन म्हणाले, "बाई, तुमी एकट्याच ऱ्हाताय. एक दिस ऱ्हाऊ द्या की तिला." मी नाक मुरडलं होतं, हे आज कबूल करते. तिनं मात्र दारात चप्पल काढली, हातपाय धुतले आणि सरळ चुलीपुढे जाऊन बसली. "अहो, तुम्ही पाहुण्या," मी म्हटलं. "आयतं खाऊन मला बोलाय येत न्हाई, बाई," ती म्हणाली आणि पिठल्याला फोडणी दिली. मला त्याच्या निम्म्यानंही बरं पिठलं जमत नाही. पुढे ती जेव्हा-जेव्हा त्या बाजूला आली, तेव्हा माझ्याकडेच उतरली.

त्या वर्षी आमच्या गावचा विसरणारा म्हणजे सर्जेराव. फौजेतून पेन्शन घेऊन आलेला, दारातून वाकून यावं लागे असा आडमाप गडी, आणि नाटकाचा नायक! पहिल्या अंकात तो रंगमंचावर आला, मिशीवर ताव दिला आणि गप्प झाला. समोर सगळा गाव. पडद्यामागचा प्रॉम्प्टर घसा ताणतोय, पण सर्जेरावाचे कान तोफांनी गेलेले. हौसाक्का त्याच्याजवळ गेली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "कळलं हो मला. तुम्ही मला माहेरी धाडणार, भावाच्या सांगण्यावरून धाडणार, हेच सांगायला आलात ना?" सर्जेराव जिवाच्या आकांतानं ओरडला, "व्हय! त्येच!" त्या "त्येच"ला जी टाळी पडली, ती पुढच्या तीन अंकांत कशालाही पडली नाही. नंतर वर्षभर सर्जेराव गावात आपण नाटक कसं मारून नेलं ते सांगत हिंडला. हौसाक्कानं एकदाही त्याला खोटं पाडलं नाही. "त्येची बायको म्होरंच बसली हुती वो," एवढंच म्हणाली.

तिला वाचता येत नव्हतं. कुणीतरी वाचायचं, तिनं ऐकायचं. मी एकदा म्हटलं, "अक्का, वेळ जातो. तुमच्या तेवढ्या ओळी वाचते." तिनं मान हलवली. "न्हाई, समद्यांच्या वाचा. समोरचा काय म्हनतोय त्येच ठावं न्हाई, तर मी बोलू कशाला?" त्यामुळे तिला एक खोड लागली होती. दुसरा बोलत असला, की तिचेही ओठ हलत. आवाज नाही, नुसते ओठ. पोर चालायला लागलं की त्याच्यामागे आईचे हात आपोआप पुढे होतात ना, तसे. जत्रेच्या मंडपात ते कुणाला दिसत नसे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. प्यायला पाणी नाही तिथं नाटकं कुठली! दोन वर्षं हौसाक्का सांगलीत कुणाकुणाचे पापड लाटत होती. पाऊस झाला, जत्रा पुन्हा भरू लागल्या, पण कमिट्यांना आता विशीतल्या पोरी हव्या होत्या. "मला आयची कामं करा म्हनत्यात," ती मला म्हणाली. "करीन की. पर म्हातारी आय बहुतेक नाटकांत पयल्याच अंकात मरती. मग माझं पोट कसं चालायचं?" आणि नेमकं तेव्हाच कोल्हापूरच्या एका दिग्दर्शकानं तिला विट्याच्या जत्रेत पाहिलं आणि सिनेमात काम देऊ केलं. नायकाच्या वहिनीचं. चांगले चार प्रसंग होते. एवढं एक काम लोकांच्या नजरेत भरलं, तर पुढची दहा वर्षं निघतील, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

चित्रीकरण वाईजवळ कृष्णेच्या घाटावर होतं. मे महिन्याची सुट्टी होती. ओळी वाचून दाखवायला म्हणून मी बरोबर गेले. खरं सांगायचं तर मलाही मिरवायचं होतं. नायक कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, गोरापान मुलगा. त्याचा पहिलाच सिनेमा. घर सोडून निघालेल्या दिरानं वहिनीचा निरोप घ्यायचा, असा प्रसंग. त्याचं वाक्य होतं, "वहिनी, या घरात पुन्हा पाऊल टाकीन, तर मान वर करूनच टाकीन." कॅमेरा त्याच्या पाठीमागून हौसाक्काच्या चेहऱ्यावर रोखलेला. तो बोलू लागला आणि हिचे ओठ हलू लागले.

"कट! बाई, ते त्याचं वाक्य आहे," दिग्दर्शक म्हणाले. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. असं आठ वेळा झालं. फिल्म वाया जात होती, निर्माता छत्रीखाली घाम पुसत होता. हौसाक्काचा चेहरा पार उतरला. "ह्या मेल्या ओठांस्नी काय करू वो?" ती मला म्हणाली. मी सुचवलं, "पदराचा शेव दातांत धरा. वहिनी रडतेच आहे, शोभेल." दिग्दर्शकांनाही ते पटलं. "एकदाच घेतो," ते म्हणाले, "हे जमलं नाही, तर मला दुसरी बाई बघावी लागेल."

नवव्यांदा तिनं पदर दातांत धरला. ओठ गच्च मिटलेले, डोळे भरून आलेले. असा चेहरा मी पुन्हा कुठल्या पडद्यावर पाहिला नाही. दिग्दर्शक पुढे झुकून फक्त तिच्याकडे बघत होते. मी बाजूच्या पायरीवर उभी असल्यामुळे मला त्या मुलाचं तोंड दिसत होतं. "वहिनी, या घरात पुन्हा..." तो म्हणाला आणि थांबला. सगळ्यांना वाटलं, काय सुरेख थांबलाय! मला दिसलं, की तो पांढराफटक पडलाय. आठ वेळा म्हटलेलं वाक्य पोराच्या डोक्यातून साफ उडालं होतं. हौसाक्कालाही ते दिसलं. मी मनात म्हणत होते, अक्का, गप्प राहा. आज तेवढं गप्प राहा. तिनं पदर सोडला आणि हलकेच म्हणाली, "पाऊल टाकीन, तर मान वर करूनच टाकीन."

"कट!"

दिग्दर्शक वाईट माणूस नव्हते. त्यांनी हात जोडले. "बाई, तुम्ही कलावंत आहात, पण हे नाटक नाही. उद्या मी कोल्हापूरहून दुसऱ्या कुणाला तरी बोलावतो." तो मुलगा खाली मान घालून उभा होता. त्यानं एक अक्षर काढलं नाही. मी तरातरा निघाले होते सांगायला, तर हौसाक्कानं माझं मनगट धरलं.

"गप ऱ्हावा, बाई."

"अहो, पण चूक त्याची आहे!"

"पोराचं पयलंच काम हाय. आज त्येचं नाव खराब झालं, तर पुन्यांदा कोन हुबं करनार न्हाई त्येला. मी काय, मिरजंला जाती."

वाईहून साताऱ्याला येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. साताऱ्याचा स्टँड आला, तेव्हा तोंडात पदर कोंबून रडली. "लय वाटत हुतं वो, बाई," ती म्हणाली. "एकदा तरी पडद्यावर दिसावं असं लय वाटत हुतं." मला तिचा रागही आला होता आणि तिला पोटाशीही धरावंसं वाटत होतं. मी नुसती तिची पिशवी धरून बसले.

सिनेमा चालला. मुलाचं नाव झालं. हौसाक्का पहिल्या अंकात मरणाऱ्या आया करू लागली आणि नाटक संपेपर्यंत विंगेत उभी राहून नव्या पोरींना सांभाळू लागली. तीन-चार वर्षांनी काविळीनं गेली. तिच्या भाचीचं कार्ड मला तेराव्यानंतर मिळालं. कुठल्या वर्तमानपत्रात दोन ओळीही आल्या नाहीत.

पुढे माझी बदली साताऱ्याला झाली. तिथल्या एका हायस्कुलाच्या स्नेहसंमेलनाला तो नट पाहुणा म्हणून आला होता. मी मुद्दाम मागच्या रांगेत बसले. म्हटलं, याचं कौतुक आपल्यानं ऐकवायचं नाही. मुलांनी पहिल्या सिनेमाची आठवण विचारली. तो म्हणाला, "वाईच्या घाटावर मी माझं वाक्य विसरलो होतो. समोर एक बाई होत्या. त्यांनी मला ते सांगितलं आणि त्यापायी त्यांचं काम गेलं. चूक माझी होती. मी घाबरलो आणि बोललो नाही. अजून ते माझ्या मनातून जात नाही. त्या बाईंचं नाव..." तो कपाळावर हात ठेवून आठवू लागला. "मिरजेच्या होत्या. त्यांचं नाव..."

मी उठून उभी राहिले.

"हौसाबाई लोखंडे," मी म्हटलं.

त्याला नीट ऐकू आलं नाही. त्यानं कानामागे हात धरला. मग सगळ्या पोरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी ते नाव पुन्हा घेतलं.