काडी आणि आईचा डबा

आमच्या जिन्यात बातमी फिरत होती ती अशी: तिसऱ्या मजल्यावरची स्वयंपाकीण स्वतःच्या पोरीला उपाशी ठेवते. इस्पितळाच्या भटारखान्यात अख्ख्या गावाला जेवू घालते, आणि घरी पोरीचे गाल आत गेलेले. बातमीची मालकीण तळमजल्यावरची शिंपीण. पोरीचा शाळेचा स्कर्ट कंबरेत आत घ्यायला पुन्हा पुन्हा तिच्याकडे यायचा, तेवढ्यावर ती स्वतःला डॉक्टर समजू लागली होती. 'काडी' हे नावही तिनंच ठेवलं आणि जिन्यानं ते लगेच उचललं.

बातमी साफ उलटी होती. त्या घरात पोरीचा छळ होत होता तो जेवणानंच. आई कामावरून आली की एप्रन न सोडता ताट वाढायची, समोर खुर्ची ओढायची आणि काडीच्या तोंडाकडे बघत बसायची. घास उचलला की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू.

"खा. हे मिळावं म्हणून देश सोडला मी."

"खा. तुझा बाप जाऊ नको म्हणून आडवा आला होता, ऐकलं का मी?"

"तिकडे माझी आई गेली, शेवटचं तोंड बघता आलं नाही. कुणासाठी? खा!"

यातलं नक्की काय गिळायचं, तेच काडीला कळेना. उलटून बोलावंसं वाटे, पण एवढं सोडून आलेल्या बाईला बोलणार काय? मग ती शब्द गिळायची आणि घास ताटात टाकायची. आईच्या मते हा नुसता माज. शेवटी तिनं बजावलं, "आणखी एकदा ताट टाकून उठलीस तर परत मायदेशी, मामाकडे पाठवीन."

हे मात्र झोंबलं. काडीच्या बोलण्याची नक्कल करून करून वर्गातल्या पोरींनी तिची पिसं काढली होती. तरी नेट लावून ती इथली भाषा शिकली होती. आता कुठं पाय टेकले होते. तिला इथंच राहायचं होतं.

सुट्टीच्या दिवशी ती समारंभाच्या हॉलमध्ये टेबलं आवरायची, खरकटी ताटं मागच्या मोरीत न्यायची. आठवडाभर गिळलेल्या रागाचा छातीत गोळा झालेला असायचा. मोरीत पाठमोरी उभी राहून ती पाहुण्यांनी टाकलेले तुकडे तोंडात कोंबायची, चव न घेता, थांबता न येता. आणि ग्लासांच्या तळाशी राहिलेली दारू, कुणाची का असेना, एकामागून एक. गोळा सुटायचा. घटकाभर कुणाचा राग यायचा नाही. मग पोट तट्ट फुगल्याची लाज, आणि त्या लाजेपायी पुढच्या सुट्टीपर्यंत उपास. भांडी घासणारी म्हातारी बघून न बघितल्यासारखं करायची. तिला काम उरकायचं होतं, पोरी सुधारायच्या नव्हत्या.

जिन्यातली बातमी आईच्या कानावर जाणारच होती. कोटाचं माप घेता घेता शिंपिणीनं 'लोक म्हणतात हं, मी नाही' अशी ती टोचली. आईच्या अंगाचा तिळपापड झाला. पुढच्याच सुट्टीला तिनं भला मोठा डबा भरला आणि भर दुपारी हॉल गाठला. चारचौघांदेखत पोरीला भरवायचं, म्हणजे लोकांची तोंडं बंद! तमाशा चुकू नये म्हणून शिंपीण मागोमाग होतीच.

दोघी मागच्या दारानं शिरल्या. काडी मोरीशी उभी. एका हातात कुणीतरी चावलेला तुकडा, दुसऱ्या हातात ग्लास, आणि चेहरा इतका निवांत की या देशात आल्यापासून आईनं तो पाहिलाच नव्हता.

"उष्टं?" आई किंचाळली. "परक्यांचं उष्टं खातेस? वर दारू? माझ्या हातचं विष लागतं का गं तुला?"

काडी भिंतीला टेकली. जीभ जड झाली होती, पण बांधलेली नव्हती. "उष्टं परवडलं. त्याला बोलणी लागलेली नसतात."

आईनं फाडकन थोबाडीत दिली. ग्लास फुटला. म्हातारी कपाळाला आठ्या घालून झाडू आणायला गेली.

"बस्स! उद्याच मामाकडे! बघते तिकडे कोण तुझे लाड करतंय ते!"

शिंपिणीला वाटलं, आता पोरगी रडणार, पाया पडणार. ती रुमालही काढून तयार होती, दोघींपैकी कुणाला लागेल ते. पण काडीनं काचांवरून पाय मागं घेतला, आईनं छातीशी धरलेल्या डब्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाठव. डबा मात्र बांधून देऊ नकोस."