चौथ्या रोजचं पाणी

डोणगावच्या आमच्या शाळेत पहिला संगणक आला, तेव्हा आम्ही त्याला हार घातला, नारळ फोडला आणि वर भरतकामाचं कापड टाकून खोलीला कुलूप लावलं. मुलं साठ, यंत्र एक. मोडलं तर जबाबदार कोण, या धास्तीने आम्ही मास्तर मंडळी त्याला हातही लावत नव्हतो.

फाटकाबाहेर एक भाजीवाला बसे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मेथीची जुडी बांधण्याआधी तो ती तळहातावर आपटून मुळांची माती झाडायचा. गिऱ्हाईकाला माती विकणं त्याला पटत नसे. एकदा त्याने मला हटकलं, "मास्तर, ते यंत्र काऊन कोंडून ठेवलं?"

"एकच आहे हो. साठ जणांना कसं पुरणार?"

तो हसला. "आमची इहीर एक, भाऊ चार. माह्या वाट्याले पाणी चौथ्या रोजी येते. मंग तीन रोज मी का हात बांधून बसतो? वाफे करून ठेवतो."

दुसऱ्याच दिवशी मी कुलूप काढायला लावलं. मुलांनी पुठ्ठ्यावर कळफलक काढून त्यावर हात बसवला. यंत्रावर काढायचे गावाचे नकाशे चौघाचौघांनी मिळून आधी चौकटीच्या वहीत आखले. यंत्रापाशी नंबर लागला की एक मिनिट वाया जाईना.

दोन वर्षांत खऱ्या कळफलकावरची अक्षरं पुसली गेली. मी काळजीच्या सुरात भाजीवाल्याला ते सांगितलं. त्याने जुडी आपटली, माती झाडली.

"मंग तं शाळा चालू झाली म्हना," तो म्हणाला.