जनरलसाहेबांसाठी सरळ उभी केलेली गाडी

जयपूरच्या मानसरोवर वसाहतीतल्या आमच्या मराठी मंडळात बँकेतली, विम्यातली माणसं आहेत. गणपतीत प्रसाद घेताना कुणीतरी हमखास विचारतं, "सुभेदारसाहेब, लढाईत किती माणसं गमावलीत?" लढाईत एकही नाही, असं मी सांगतो. मी गाड्या दुरुस्त करणारा. मी एक माणूस गमावला, आणि तो जयपूरपासून दोन तासांच्या अंतरावर, शत्रूचं नखही आसपास नसताना. ते ऐकलं की लोक विषय बदलतात.

दोन हजारचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी हवालदार होतो, व्हेइकल मेकॅनिक. जयपूरच्या बाहेर वाळूच्या मैदानात आमच्या युनिटचा सराव चालू होता. पहाटे उठायचं, पीटी, चहा, मग गाड्यांखाली शिरायचं. ड्रायव्हरांत माझा गाववाला एकच, नायक बाळू खरात. माणदेशातला. दोन शब्दांत काम होत असेल तर तिसरा न बोलणारा. त्याची बायको सुमनवहिनी आणि लहानगी मुलगी स्वाती जयपुरात, सोडाला भागात भाड्याच्या खोलीत राहायच्या. सुट्टीच्या दिवशी मी तिकडे पिठलं-भाकरी खायला जायचो.

बाळूकडे वायरलेसची गाडी होती. मागच्या बाजूला रेडिओ सेट, बॅटऱ्या, चार्जिंगचं इंजिन, अँटेनाचे लोखंडी पाइप, पाण्याचे कॅन, वर तंबू. गाडी जेवढ्यासाठी बनवली त्याच्या दीडपट ओझं. त्यामुळे ती मागून बसली होती. पुढचे दिवे आभाळाकडे बघायचे. मी खाली शिरून पाहिलं तर मागचे पाटे, म्हणजे ज्या पोलादी कमानींवर गाडीचा भार असतो त्या, पार सपाट झालेले. त्यांतली दोन पानं, म्हणजे पट्ट्या, तडकलेली.

याला उपाय दोनच. वजन कमी करा, आणि पाट्यांचा नवा संच एक जादा पान घालून बसवा. मी तसं आमच्या कॅप्टनसाहेबांना सांगितलं. त्यांचं नाव मी घेत नाही. ते म्हणाले, "परवा जनरलसाहब का इन्स्पेक्शन है, जाधव. सामान पूरा दिखना चाहिए. और गाडी सीधी खडी चाहिए."

आता तुम्हाला आमच्याकडची एक रीत सांगतो. इन्स्पेक्शनला गाड्या ओळीत उभ्या करतात आणि त्यांच्या कडा दोरी लावल्यासारख्या एका रेषेत लागतात. टायर काळे रंगवतात, दगडांना चुना फासतात. एखादी गाडी मागून बसली असेल, तर ती जॅकवर उचलून चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, आणि चाकांचा अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लाकडी ठोकळे ठोकतात, त्यांनाही काळा रंग. गाडी एकदम ताठ. साहेब पाठमोरे झाले की ठोकळे काढायचे. सगळ्यांना माहीत असतं. वरून कीर्तन, आतून तमाशा.

एरवी ते चालून जातं, कारण गाडी जागची हलत नाही. पण ठोकळे घातलेली गाडी चालवायची नसते. वाटेत एका चाकाखाली धोंडा आला तर पाट्याने दबून तो गिळायचा असतो. पाटा दबलाच नाही तर अख्खी गाडी त्या बाजूनं उचलली जाते. वर डोंगराएवढं ओझं असेल तर ती कलंडते. हे बाळूला माहीत होतं, मला होतं, कॅप्टनसाहेबांनाही होतं.

ठोकळे बसले. इन्स्पेक्शनच्या सकाळी नवे पाटे आणायला मला जयपूरच्या डेपोत पाठवलं. निघताना मी बाळूला म्हटलं, "मी येईपर्यंत चावीला हात लावू नकोस."

"बरं," तो म्हणाला.

दुपारी परतलो. सामान उतरवायच्या आधीच मी गाड्यांच्या ओळीकडे पाहिलं. बाळूची जागा रिकामी होती. शेजारच्या गाडीच्या ड्रायव्हरनं सांगितलं, जनरलसाहेब एवढे खूश झाले, म्हणाले, हीच गाडी आत्ता पुढच्या चौकीवर पाठवा, मला तिथून रेडिओवर बोलणं ऐकायचंय. बाळूनं कॅप्टनसाहेबांकडे जाऊन हळूच थोडा वेळ मागितला होता, जॅक लावण्यापुरता. साहेब म्हणाले होते, "अभी नहीं. धीरे चला ले."

मी पळत कंट्रोल तंबूत गेलो. आत जनरलसाहेब कानाला हेडफोन लावून बसले होते, शेजारी आमचे कर्नलसाहेब, समोर चहा, बिस्किटं. मी कॅप्टनसाहेबांना दारात गाठलं.

"सर, बाळूला थांबवा. ठोकळे आत आहेत."

"आवाज कम."

"सर, नुसतं 'थांब' म्हणा. मी जीप घेऊन जातो, ठोकळे काढतो, कुणाला कळणार नाही."

"जनरलसाहब रेडिओ पर हैं. रुकने की वजह पूछेंगे तो क्या बोलूं? लकडी?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, बाळूचा जीव गेला तरी चालेल! मी सेटकडे जायला निघालो तर त्यांनी माझा दंड धरला. तेवढ्यात जनरलसाहेबांनी स्वतः माइक घेतला. मोठ्या मायेनं विचारलं, "ड्रायव्हर को पूछो, गाडी कैसी चल रही है. ओव्हर."

सेटवर गाडीतला ऑपरेटर रामनिवास होता. सेट खरखरला. "ड्रायव्हर बोलता है, गाडी ओके, सर. नाला पार कर रहे हैं. ओव्हर."

जनरलसाहेब हसले. "शाबाश" म्हणाले. पलीकडून त्या शाबाशीला उत्तर आलं नाही. तंबूतल्या ऑपरेटरनं पुन्हा हाक दिली. पुन्हा दिली. कॅप्टनसाहेबांचा हात माझ्या दंडावरून आपोआप सुटला.

मी जीप काढली. कोरड्या नाल्याच्या काठावर गाडी उलटी पडली होती, चाकं वर. रामनिवास बाहेर फेकला गेला होता. हात मोडला होता, पण शुद्धीत होता. बाळू स्टिअरिंगखाली. मी त्याच्या मानेला हात लावला. अंग गरम होतं, नाडी नव्हती. मी त्याला शिवी दिली. का दिली, देव जाणे. मग रामनिवासजवळ बसलो. तो रडत सांगत होता, "उस्ताद, पैदल आदमी आगे निकल जाए, इतना धीरे चला रहा था. एक पत्थर आया बस."

चौकशी बसली. मी ठोकळ्यांचं सांगितलं. रामनिवासनं वेगाचं सांगितलं. पण क्रेननं गाडी आणेपर्यंत ठोकळे नाहीसे झाले होते, आणि मेलेलं माणूस उलट बोलत नाही. ठरलं असं की चालकानं नाल्यात गाडी जोरात घातली. महिना उलटायच्या आत माझी बदली पार पूर्वेला झाली. कॅप्टनसाहेबांना पुढे बढती मिळाली. मिळणारच!

पूर्वेकडून मी सुमनवहिनींना दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्यांच्या भावानं उचलला. म्हणाला, "झालं ते झालं, तिला पुन्हा त्रास नको." वहिनींना इथल्याच एका शाळेत काम मिळालं होतं, म्हणून त्या गावी परतल्या नव्हत्या. मी सुभेदार होऊन निवृत्त झालो आणि बायकोच्या नोकरीसाठी जयपूरलाच राहिलो. घर लावल्यावर पहिल्या रविवारी पत्ता काढत त्यांच्याकडे गेलो.

दार स्वातीनं उघडलं. दहावीत होती, बापाचंच नाक. वहिनी आत स्वयंपाकघरात होत्या. मला ओळखून त्यांनी पाणी दिलं, चहा टाकला. पण बाळूचं नाव मी काढलं तशा त्या पुन्हा आत गेल्या. भिंतीवर त्याचा फोटो नव्हता.

स्वाती हळू आवाजात म्हणाली, "काका, मम्मीसमोर पप्पांची बात नका करू. ती गुस्सा होते. मला स्कूटी पण नाही शिकू देत. म्हणते, बापासारखी पळवशील आणि मरशील."

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"कुणी सांगितलं तुला, बाप गाडी पळवत होता?"

"सगळेच म्हणतात. कागज पण आला होता ना. मतलब... नव्हते पळवत?"

मी सांगितलं. पाटे, ठोकळे, तंबू, बिस्किटं, सगळं. रामनिवासचे शब्द जसेच्या तसे सांगितले. आवाज चढला होता माझा, आतपर्यंत जावा म्हणूनच चढवला होता. गॅसवर चहा उतू गेल्याचा वास आला, तो कुणी बंद केला नाही.

वहिनी दारात आल्या. पदर तोंडाशी. म्हणाल्या, "भाऊजी, हळू चालवत होते?"

"पायी माणूस पुढे जाईल इतकं हळू, वहिनी."

"नक्की?"

"मी माझ्या कानांनी ऐकलंय."

त्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या. "दरवर्षी त्यांच्या तिथीला स्वयंपाक करते," त्या म्हणाल्या, "आणि ताट वाढताना मनातल्या मनात शिव्या घालते. म्हणते, मेल्या, पोरीचा तरी विचार करायचा होतास. सात-आठ वर्षं, भाऊजी. त्या माणसाला एक घास मी धड वाढला नाही हो."

स्वाती आईजवळ जाऊन बसली. मी उठून गॅस बंद केला.