तीन पानी तक्रार आणि माझ्या थोरल्या जाऊबाई

जावा जावा आणि उभा दावा, असं म्हणतात. आमच्या घरात हा दावा मी एकटीच लढवत आले आहे, कारण थोरल्या जाऊबाई भांडायला उभ्याच राहत नाहीत. मी तावातावाने दहा वाक्यं बोलावीत आणि त्यांनी "बरं" म्हणून भाजी निवडायला घ्यावी. लग्नाला एकवीस वर्षं झाली, तरी त्या "बरं"चा मला अजून राग येतो.

त्या नर्स आहेत. कुणाच्या हाताची शीर सापडत नसली की सगळे त्यांनाच हाक मारतात. गल्लीतल्या पोरांनी त्यांचं नाव सुईवाली काकू ठेवलंय. चेहरे मात्र त्यांच्या मुळीच लक्षात राहत नाहीत. एका लग्नात त्यांनी माझ्या सख्ख्या भावाला वाढपी समजून पाणी मागितलं होतं, आणि त्यानेही बिचाऱ्याने आणून दिलं. पण एकदा सुई लावलेला हात त्या विसरत नाहीत.

गेली सहा वर्षं त्या एका वंध्यत्वाच्या क्लिनिकमध्ये होत्या. तिथे मूल हवं असलेली जोडपी येतात. त्यांच्यासाठी काही बायका आपलं स्त्रीबीज देतात, काही सरोगसीसाठी आपलं पोट देतात. आणि या बायका गोळा करून आणणारे एजंटही असतात.

एका सोमवारी जाऊबाई चपला न काढताच स्वयंपाकघरात येऊन बसल्या. काहीतरी बिनसलंय, हे मी तिथेच ओळखलं.

"आज एका डोनरचं रक्त घेतलं," त्या म्हणाल्या. "डाव्या कोपरात शीरच नाही. मनगटाजवळ एक आहे, तीही सुई टेकली की सरकते. तीच शीर मी पाच महिन्यांपूर्वी पकडली होती. तेव्हा ही बाई दुसऱ्या नावाने आली होती."

पाच महिन्यांपूर्वी बीज काढल्यावर त्या बाईच्या पोटात पाणी भरलं होतं, तिला धाप लागली होती. जाऊबाईंनी तिला तीन दिवस सलाईन लावलं होतं. 'हिला पुन्हा घेऊ नये' असा शेरा डॉक्टरांनी स्वतः फाईलवर मारला होता. आता नाव नवं, फाईल नवी, शेरा नाही. गुरुवारपासून तिची इंजेक्शनं सुरू व्हायची होती. पुन्हा तसंच झालं असतं, तर जिवावर बेतलं असतं.

मी नाव विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. तरी मी लिहायला बसले. मी शाळेत निबंध शिकवते, हे इथे सांगायला हवं. दिवेलागणीच्या आत क्लिनिकविरुद्ध तीन पानी तक्रार तयार झाली. तिच्यात 'पांढऱ्या कोटातले कसाई' होते, 'मातृत्वाचा बाजार' होता, आणि सगळ्या तारखा होत्या. उद्याच्या उद्या अशा क्लिनिकवर देखरेख ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीकडे द्यायची आणि जमलं तर वर्तमानपत्राकडेही, असा माझा बेत.

जाऊबाईंनी ती शांतपणे वाचली. "छान लिहिलंयस. पण आधी वकिलाला दाखवू."

"अहो ताई, इथे आग लागलीय आणि तुम्हाला सल्ले कसले सुचतायत? रजिस्टरचे फोटो काढून आणा, की झालं!"

"बरं," त्या म्हणाल्या, आणि फोटो न काढता दुसऱ्या दिवशीची वकिलाची वेळ घेऊन आल्या.

वकीलबाईंचं ऑफिस चष्म्याच्या दुकानावर होतं. अरुंद जिना, दोन खुर्च्या, तिसरीवर फायलींचा ढीग. वय साठीचं, बोलणं तुटक. त्यांनी माझी पानं हातात घेतली आणि लाल पेन्सिल उचलली. मास्तरणीच्या वहीवर लाल पेन्सिल!

"डॉक्टर आणि एजंट यांचं साटंलोटं आहे, असं लिहिलंय. पाहिलंत?"

"त्याशिवाय का कुणी—"

"म्हणजे वाटलं." रेघ. "हे 'कसाई'?" रेघ. "आणि 'अशा शेकडो बायका'?"

"ते मीच घातलं," मी म्हटलं. रेघ.

तीन पानांतून चार ओळी उरल्या. जाऊबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या आणि स्वतःच्या हातांनी केलेल्या तेवढ्याच. मग वकीलबाईंनी एका तारखेवर बोट ठेवलं. "या दिवशी क्लिनिकमध्ये किती डोनरना सलाईन होतं?"

"एकीलाच," जाऊबाई म्हणाल्या.

"मग तिचं नाव लिहिलंच की तुम्ही. न लिहिता."

ती तारीख मी माझ्याच पेनाने खोडली. मी स्वतःचं लिहिलेलं खोडणं ही आमच्या घरात बातमी असते.

"या नोकरीतून तुम्हाला काढू शकतात," वकीलबाई जाऊबाईंना म्हणाल्या. "त्याबद्दल आधी बोलू."

"माझं नंतर. या कागदाने तिचं काय होईल?"

वकीलबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "खोट्या नावाने सही कुणी केली? तिने. क्लिनिक म्हणेल, या बाईने आम्हालाच फसवलं. एजंट हात वर करील. तुम्ही हा कागद दिलात की पहिली तीच अडकेल. आधी तिने स्वतः सांगितलं तर ती साक्ष. दुसऱ्यांनी तिच्याबद्दल सांगितलं तर तो गुन्हा."

मग त्यांनी काय करायचं ते सांगितलं. क्लिनिकमधला एकही कागद बाहेर आणायचा नाही. आपली शंका तिच्या नव्या फाईलवरच लिहायची, जुना त्रास तपासल्याशिवाय इंजेक्शन देणार नाही, हेही लिहायचं आणि खाली सही करायची. तो नर्सचा हक्कच आहे. त्या बाईला एवढंच सांगायचं, की शेवटच्या मिनिटापर्यंत ती नाही म्हणू शकते, आणि तिला हवा असेल तर तिचा वेगळा वकील मिळेल. "मी तुमची आहे. दोघींची होता येणार नाही मला," असं म्हणून त्यांनी दुसऱ्या एका वकिलाचं कार्ड दिलं.

बुधवारी सकाळी जाऊबाईंनी फाईलवर लिहिलं. दुपारपर्यंत त्यांची बदली स्टोअरमध्ये, कापसाचे आणि हातमोज्यांचे खोके लावायला झाली. संध्याकाळी त्यांनी तपासणीला आलेल्या त्या बाईला कपडे बदलायच्या खोलीत गाठलं.

"सिस्टर, माझ्या पोटावर पाय देऊ नका," ती म्हणाली. "तुमचं काय जातंय?"

"काही नाही," जाऊबाई म्हणाल्या. "जीव तुझा जाईल. तू काय करायचं ते तू ठरव." आणि कार्ड तिच्या हातात दिलं.

गुरुवारी ती आली नाही. शुक्रवारीही नाही. एजंटने तिला दुसऱ्याच क्लिनिकमध्ये नेलं असणार, या कल्पनेने माझा जीव टांगणीला लागला. मी ती तीन पानं पुन्हा बाहेर काढली.

"ठेव ती," जाऊबाई म्हणाल्या. "तिला विचारल्याशिवाय तिच्याबद्दल काही द्यायचं नाही."

"आणि ती मेली म्हणजे?"

त्या दिवशी त्यांनी "बरं" म्हटलं नाही. खुर्चीवर बसल्या आणि पदराने तोंड झाकून रडल्या. एकवीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. तरीही कागद दिला नाहीच. माझ्यात तेवढं बळ नाही, हे मी उघड सांगते.

दहाव्या दिवशी त्या दुसऱ्या वकिलाचा फोन आला. ती बाई त्यांच्याकडे गेली होती. इंजेक्शनं तिने कुठेच घेतली नव्हती. खोट्या नावाचे कागद एजंटने दिले, सही कुठे करायची ते क्लिनिकच्या माणसाने बोटाने दाखवलं, हे सगळं ती स्वतः सांगणार होती. तक्रार तिच्याकडून दाखल झाली. जाऊबाईंच्या चार ओळी साक्ष म्हणून जोडल्या गेल्या. पुढच्याच आठवड्यात त्यांची नोकरी गेली.

दोन महिन्यांनी कमिटीपुढे सुनावणी झाली. मी बाहेरच्या बाकावर बसून नखं खात होते. जाऊबाई बाहेर आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या.

"काय झालं आत?"

"अध्यक्षांनी तिला नाव विचारलं. तिने सांगितलं. दोन्ही फायलींवरचं नव्हतं ते, तिसरंच होतं. ती पहिल्यांदा आली तेव्हाचं तरी खरं असेल, असं मी धरून चालले होते गं. तीन दिवस सलाईन लावलं, आणि तिचं नाव मला आज कळलं."

माझी तीन पानं गेली असती, तर तेच नाव तिला त्याच खोलीत आरोपी म्हणून सांगावं लागलं असतं. हे मला कुणी समजावून सांगायला लागलं नाही.