उदबत्ती विझेपर्यंत

त्या वर्षी आम्ही व्हिएतनामला जाणार होतो. शेवटी गेलो नाही, ते सोडा. सहल नवऱ्याने ठरवली आणि दमले मी. रोज सकाळी शारजाहून दुबई गाठायची, संध्याकाळी त्याच रस्त्यावर दोन तास गाडीत बसून शारजातल्या अल नहदा भागात, नवव्या मजल्यावरच्या घरी परतायचं. त्यात फिरायला जायचं म्हणजे मला आणखी एक कामच वाटत होतं. शिवाय मी शाकाहारी. तिथे सगळ्यात मासे खारवून काढलेलं पाणी घालतात, असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. ऑफिसात सांगितलेलं सगळं मला तेव्हा खरं वाटायचं.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक व्हिएतनामी बाई राहायची, पार्लरमध्ये कामाला होती. लिफ्टमध्ये तिला विचारलं, तुमच्या देशात आमच्यासारख्यांनी खायचं काय? ती म्हणाली, "फ्रायडे कम. लंच. आय शो."

आता गंमत बघा. जेवायला बोलावलेली ही चाळिशीतली शहाणी निघाली ती थालीपिठांचा डबा घेऊन. मुलगी म्हणाली, "आई, प्लीज डोन्ट टेक दॅट. इट्स सो रूड."

"मग उपाशी राहू?" मी म्हटलं. आज माझ्याकडे कुणी असा डबा घेऊन आलं, तर मी त्याला दारातूनच परत पाठवीन.

तिच्या खोलीत बुटक्या टेबलावर दहा-बारा वाट्या मांडलेल्या. तांदळाच्या पातळ पापडात गुंडाळलेल्या भाज्या, टोफू, मश्रूम, काचेसारख्या शेवया. सहलीला निघालेल्या बाईसाठी नमुने मांडलेत, अशी माझी खात्री. मी एकेका वाटीकडे बोट दाखवून विचारत सुटले, "फिश?" ती दर वेळी शांतपणे सांगायची, "नो फिश. नो मीट." टेबलाच्या टोकाला एका म्हातारीचा फोटो आणि पुढे उदबत्ती. तीही मला शोभेचीच वाटली.

पंधरा मिनिटं झाली तरी ती 'जेव' म्हणेना. भुकेने माझं डोकं दुखायला लागलं. मी सरळ डबा उघडला. खोलीभर लसणाचा वास.

तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. "फर्स्ट मदर. देन यू."

मग तिच्या तोडक्या इंग्रजीतून सगळं कळलं. आज तिची आई गेली तो दिवस. उदबत्ती विझली की आई जेवली असं धरायचं, मग पाहुण्यांनी बसायचं. गावाकडे हे भाऊ करतात, अख्खी गल्ली जेवते. इथे रूममेट ड्यूटीवर, पार्लरच्या मैत्रिणी 'इन्शाल्ला येतो' म्हणून आल्याच नव्हत्या. आईच्या मागून कुणीच जेवून गेलं नाही, तर दिवस पुरा होत नाही. म्हणजे सगळा भार माझ्यावर, आणि माझ्यासाठी तिने आईलाही एक दिवस शाकाहारी केलं होतं.

आमच्याकडे वडिलांच्या श्राद्धाला पानं वाढून होईपर्यंत पोरांना वड्याचा तुकडा मिळत नसे. नैवेद्याआधी वडा उचलला म्हणून मी स्वतः मुलीच्या हातावर चापट मारलेली. आणि इथे मीच.

मी डबा झाकायला लागले. तिने तो ओढून घेतला, एक थालीपीठ बशीत काढून फोटोपुढे ठेवलं आणि अर्धी जळलेली उदबत्ती काढून नवी लावली.

"नाऊ अगेन वेट."

"हाऊ लाँग?"

"मदर स्लो. नो टीथ."

बसले. त्या आठवड्यात मी काही न करता बसले ती तेवढीच. खाली गाड्यांचे हॉर्न चालू होते. मध्येच कळलं की तिनेही सकाळपासून काही खाल्लेलं नाही, तेव्हा माझी डोकेदुखी मी मुकाट्याने आत ठेवली.

राखेचा शेवटचा तुकडा पडला. तिने पहिला वाडगा माझ्या हातात दिला आणि तो रिकामा होईपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. आणखी वाढला. मी तोही संपवला. मग तिने फोटोपुढचं थालीपीठ उचललं, मोडलं, आणि दिवसाचा पहिला घास घेतला.

"मदर से," ती पाणी शोधत म्हणाली, "टू मच चिली."