देवाजीचा पुकारा

नागपुरातल्या एका फौजदारी कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारणं, हे देवाजी पट्टेवाल्याचं काम. आवाज असा, की झोपलेला वकीलसुद्धा दचकून उठायचा. नाव तीनदा पुकारायचं, तरी माणूस आला नाही तर वॉरंट. पण त्यातही एक गोम होती बरं का! गरिबाचं नाव तीनदा एका दमात पुकारायचं, आणि बड्या माणसाचं मात्र तो बाकावर टेकल्याची खात्री करून, तेही अदबीनं, पुढे 'शेठ' जोडून. खूण करायचे ते पेशकार वामनराव, मॅजिस्ट्रेट साहेबांपुढे फायली सरकवणारे. देवाजी वर्षानुवर्षं मुकाट्यानं ऐकत आला. पोटाचा प्रश्न, दुसरं काय!

एकोणीसशे त्र्याहत्तर साली एके दिवशी त्या कोर्टात दोन खटले लागले. दोन्हीकडे गुन्हा एकच, रस्ता अडवल्याचा. एकीकडे भागरथाबाईची संत्र्यांची टोपली. दुसरीकडे ओमप्रकाश शेठचे सागवानी ओंडके, लकडगंजातला अर्धा रस्ता खाऊन बसलेले.

भागरथाबाई सकाळपासून दाराशी बसून होती. नळावर पाणी प्यायला उठली आणि नेमकी तेव्हाच वामनरावांनी खूण केली. "भागरथा बेवा सोनबा, हाजिर है?" तीनदा, एका दमात. ती ओल्या हातांनी धावत आली, तोवर वॉरंटवर सही झालेली. हवालदारानं तिचा दंड धरला.

"अहो साहेब, मी इथंच होती ना!"

कोण ऐकतो? संध्याकाळी तुरुंगात न्यायची म्हणून तिला मागच्या बाकावर बसवून ठेवलं. देवाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुपारी शेठची फाईल निघाली. शेठचा पत्ता नाही. वामनराव पुटपुटले, "गाडी निघाली आहे म्हणे त्यांची. तोवर दुसरं नाव घे गा."

"काहून?" देवाजी म्हणाला, आणि दारात जाऊन त्यानं सगळा व्हरांडा दणाणून सोडला. "ओमप्रकाश वल्द हरनारायण, हाजिर है?" तीनदा. शेठ नाही, बीठ नाही, नुसतं नाव! आत येऊन त्यानं सांगितलं, "तीन पुकार झाले साहेब. हजर नाही."

साहेबांनी पेन उचललं आणि परत ठेवलं. तेवढ्यात शेठ घाम पुसत आत शिरले. त्यांचे वकील हसत उठले. "दोन मिनिटांचा उशीर, साहेब. माणूस दारात असताना वॉरंट कसलं?" साहेबांनी मान डोलावली.

"मग त्या बाईले काहून धरून ठेवलं?"

देवाजी बोलला होता, भर कोर्टात! वामनरावांचा चेहरा पांढराफटक पडला. साहेब गरजले, "तू कोण विचारणारा?"

नोकरीवर पाणी सोडावं लागणार, हे देवाजीला दिसत होतं. तरी गडी हटला नाही. "पुकारणारा आहो, साहेब. दोघायची नावं मीच पुकारली. बाईबी दारातच होती. सोडत असाल तर दोघायले सोडा, नाही तर दोघायले आत टाका."

मागच्या बाकांवरची माणसं उभी राहिली. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं, आणि शेवटी चडफडत बाईचं वॉरंट रद्द केलं.

आठवड्याभरात देवाजीची रामटेकला बदली निघाली. वामनराव काही मनाचे वाईट नव्हते. त्यांनी त्याला बाजूला घेतलं. "चूक झाली म्हण. यापुढे मोठ्या माणसाच्या नावापुढे शेठ, साहेब लावीन म्हण. बदली मी थांबवतो."

"लावतो ना," देवाजी पट्टा सोडत म्हणाला. "पहिले भागरथाबाई साहेब म्हणू द्या, मग ओमप्रकाश शेठ म्हणतो."

दुसऱ्या दिवशी देवाजी रामटेकच्या गाडीत बसला.